आतल्या खिशाची विजार

भाग्यश्री सिस्टरने दादामियाँच्या पोटावर, बेंबीच्या उजवीकडे, जांभळ्या पेनाने फुली मारली आणि त्यांना पुढे वाकायला सांगितलं.

"दोन बोटं वर घ्या. इथं नाडा येतो," दादामियाँ म्हणाले.

"काका, खूण मी करायची की तुम्ही?"

"चाळीस वर्षं नारायण पेठेत विजारी शिवतोय, बाई. तिथलं गिऱ्हाईक सुताएवढी चूक खपवून घेत नाही."

सिस्टरने हसून फुली पुसली आणि दोन बोटं वर नवी मारली. उद्या रोबोटच्या हातांनी मूत्राशय काढलं की लघवी या जागेतून बाहेरच्या पिशवीत यायची, जन्मभर. त्यासाठी दादामियाँनी आतून खिसा असलेली विजार शिवून ठेवली होती. हौस कसली, लाज झाकायची सोय.

एक गोष्ट मात्र त्यांनी बायकोला, सिताराला, सांगितली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, "आधी कॅमेऱ्याने आत बघू. कॅन्सर पसरला असेल, तर काहीच न काढता बंद करू." तिचा जीव आधीच टांगणीला लागलेला, त्यात हे कुठं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्ध येताच त्यांचा हात पोटाकडे गेला. चारपाच लहान पट्ट्या होत्या. पिशवी नव्हती. चादर सरकवून पाहिलं, तर फुली पुसट झालेली, पण तिथली कातडी सलग. खूण केलेलं कापड दर्जी न कापता ठेवून देतो, ते कापडच कामातून गेलेलं असलं तर.

सितारा ती विजार मांडीवर घेऊन शेजारी बसली होती.

"पिशवी लागलीच नाही बघा," ती म्हणाली. "गरजच पडली नाही म्हणाले डॉक्टर."

बिचारी. चार दिवस सुखात राहू दे, दादामियाँना वाटलं.

"अल्लाची मेहेरबानी," ते म्हणाले.

"मग हा खिसा उसवते."

"जपून उसव. कापड चांगलं आहे. पुढे आपल्या शहेजादला होईल."

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. खराडीत जीन्स घालून फिरणारा मुलगा बापाची विजार कशाला घालेल, हे ती आता विचारणार.

सिताराने विचारलं नाही. मान खाली घालून ती दोरा ओढत राहिली.

"त्याची कंबर बारीक आहे," ती म्हणाली. "दोन बोटं आत घ्यावी लागेल."