हॉजसाहेबांची सही

तेलाचे भाव कोसळले त्या वर्षी ह्यूस्टनमधल्या कंपन्या पटापट बंद पडू लागल्या. मृणालिनी ज्या छोट्या फर्ममध्ये पुलांची डिझाइन्स करायची, तिलाही कुलूप लागलं. इंजिनिअरच्या लायसन्ससाठी अर्ज करायचा, तर लायसन्स असलेल्या माणसाच्या हाताखाली चार वर्षं काम केल्याचं त्यानंच लिहून द्यावं लागे. तिचे साहेब एकच, वॉल्टर हॉज. ते निवृत्त होऊन बोमाँटला राहत होते. फोन लागत नव्हता, पत्रांना उत्तर नव्हतं. शेवटी एका शनिवारी चारुदत्त, तिचा नवरा, तिला शुगर लँडमधल्या घरून तिकडे घेऊन गेला. छोटी दीपा मागच्या सीटवर झोपली होती, म्हणून तो एसी लावून गाडीतच थांबला.

दार मिसेस हॉजनी उघडलं. "फोन मीच काढून ठेवलाय," त्या हळूच म्हणाल्या. "ते कुणालाही लावत बसतात."

हॉजसाहेब इस्त्रीच्या शर्टात बसले होते. उठून त्यांनी हात मिळवला.

"बसा. कुठे शिकलात?"

तिला वाटलं, थट्टा करताहेत. "सांगलीला. सर, मी मृणालिनी."

"अनुभव?"

"चार वर्षं. तुमच्याकडेच, सर."

ते सौजन्यानं हसले. "अमेरिकेतला अनुभव नसला तरी चालेल. सोमवारपासून या. माझ्याकडे चार वर्षं काढा, लायसन्ससाठी मीच लिहून देईन."

पहिल्या भेटीतही ते हेच म्हणाले होते. त्याआधी सगळ्यांनी 'इथला अनुभव?' एवढंच विचारून तिला परत पाठवलं होतं, आणि तेव्हा ती त्यांच्यासमोरच रडली होती. आज रडूही येईना.

"फॉर्म द्या," मिसेस हॉज म्हणाल्या. "सही अजून छान करतात."

साहेबांनी आनंदानं पेन घेतलं. "नाव काय म्हणालात?"

तिनं सांगितलं. त्यांनी अर्धं लिहिलं, थांबले, पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा चेहरा घाबराघुबरा झाला, तशी तिनं त्यांच्या हातातून पेन अलगद काढून घेतलं.

"राहू द्या, सर. सोमवारी बघू."

गाडीत चारुदत्तनं विचारलं, "झाली सही?"

"नाही."

"अगं, पण त्यांच्या बायकोला सांगून काहीतरी..."

"चारू, गाडी काढ ना."

लायसन्स बोर्डातली बाई फोनवर फार गोड बोलली. दुसरं कुणी लायसन्सवालं तुमचं काम बघत होतं का? नाही? मग अनुभव नव्यानं मोजावा लागेल, मॅम. आय अ‍ॅम सो सॉरी.

हॉजसाहेबांवर रागावता येत नव्हतं आणि त्या बाईवर रागावून काही होणार नव्हतं. तीन महिने तिनं जागोजागी अर्ज केले. मग एका ऑफिसात ड्राफ्टिंगचं काम मिळालं, दुसऱ्यांची डिझाइन्स कागदावर काढायचं. हे काम अनुभवात धरत नाहीत, हे तिला आधीच ठाऊक होतं. तरी तिनं ते घेतलं, कारण दुसरीकडे कुठे जागाच नव्हती.