सुईची पाळी

शरयूला सशांचा फारसा लळा नव्हता, पण १९७६ साली तिचं सगळं नशीब दोन सशांच्या रक्तात येऊन बसलं होतं. पेशीत आरएनए तयार करणारं एक विकर असतं, आरएनए पॉलिमरेज. त्याचे चार-पाच सुटे भाग. त्यातला बीटा नावाचा भाग नेमका ओळखणारी प्रतिद्रव्यं तिला संशोधनासाठी हवी होती. बीटा सशाला टोचायचा, थांबायचं, पुन्हा टोचायचा, की ती त्याच्या रक्तात तयार होतात. सांगलीच्या कॉलेजात ससे ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते साताऱ्याला माहेरच्या शेजारणीकडे, राहीबाईंकडे होते. महिन्याकाठी एका रविवारी शरयू एसटीने यायची आणि डाव्या पिंजऱ्यातल्या सशाला टोचून जायची. उजवीकडचा तुलनेसाठी कोरा ठेवलेला.

आणि आता त्या कोऱ्याच्या रक्तानेही काचपट्टीवर पांढरी रेघ उमटवली होती. बीटा आणि प्रतिद्रव्य भेटले की अशी रेघ येते. न टोचलेल्या सशाच्या रक्तानेही ती येत असेल, तर त्या रेघेला कोण विचारतो? वर्षभराची मेहनत पाण्यात. शरयू रडकुंडीला येऊन साताऱ्याला पोचली.

राहीबाई सशांना घास घालत होत्या. "बरं झालं आलासा ताई. आज थोरल्याची पाळी हाय."

"कसली पाळी?"

"सुईची. एकट्यानंच दर खेपेला का सोसायचं? तुमी यायच्या आदी मी दोघांची पिंजऱ्यात अदलाबदल करती की. उसाच्या पाण्याला पाळी आसती, भाकरी थापायला जावाजावांची आसती. मंग ह्या मुक्या जिवांनी काय केलंय?"

आधी शरयूला भयंकर राग आला. मग लख्खकन डोक्यात आलं, टोचलं दोघांनाही होतं आणि रेघही दोघांची आली होती. म्हणजे रेघ खरी होती! ती इतकी हसली की राहीबाई घाबरल्या.

राहीबाईंच्या नणंदेकडे सुई न लागलेला ससा निघाला. त्याच्या रक्ताने पट्टीवर काहीच उमटलं नाही. पहिल्या दोघांच्या रेघा मात्र टोकाला एकमेकींत मिसळल्या, म्हणजे दोघांची प्रतिद्रव्यं एकाच बीटाला ओळखत होती. शरयू अगदी सुखावून गेली.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी तिने दोन्ही सशांच्या कानांवर शाईने खुणा केल्या. मग सुई भरली आणि राहीबाईंना विचारलं, "आज कोणाला घेऊ?"