समोरून सतरावी

केतकीने सतरावा प्रश्न सोडला, म्हणून ती परीक्षेच्या खोलीतून बाहेर आली नाही.

त्या खोलीत पाचवीच्या चोवीस मुली शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसल्या होत्या. दुसरा पेपर सुटल्यावर त्या आसनक्रमांकाप्रमाणे रांगेने निघाल्या. माझी बहीण समोरून सतरावी. तिच्या जागी कोणी नव्हते. आणि रांगेत जागा रिकामी ठेवायची नसते, म्हणून मागच्या सात मुली एकेक पाऊल पुढे सरकल्या. फाटकाशी उभ्या पालकांनी क्रमाने समोर आलेल्या मुलीचा हात धरला. कोणालाही काही वावगे वाटले नाही. शेवटी एक बाई पाण्याची बाटली घेऊन एकटीच उरली.

अठराव्या मुलीने माझे बोट धरले. तिचा तळवा कोरडा आणि गार होता.

"दादा, चल ना. भूक लागलीय."

तू केतकी नाहीस, असे मी हळूच म्हणालो. तिने ते मान्य केले. बोट मात्र सोडले नाही. मी घरी फोन लावला. आईने तो तिच्याकडे द्यायला सांगितला. दोघी बराच वेळ बोलल्या, मधूनच हसल्या.

"गणित सोपं गेलं म्हणते," आई मला म्हणाली. "तिला उसाचा रस पाज आणि या लवकर."

फोन ठेवला तेव्हा केतकीच्या दातांतली फट मला आठवेना. ती वर होती की खाली, एवढेच हवे होते.

अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचे, हे तिला मीच शिकवले होते. अडणारा प्रश्न नेहमी एकच असे: रांगेतला. समोरून आणि मागून क्रमांक दिलेले असतात. त्यांची बेरीज करायची आणि एक वजा करायचा.

"एक का वजा करायचा?" तिने महिन्यापूर्वी विचारले होते.

"ती मुलगी दोनदा मोजली जाते म्हणून."

"मग तिला एकदा तरी ठेवतात ना?"

मी पुढच्या प्रश्नावर बोट ठेवले होते. वेळ लावलेली होती, आणि पुढचे तीस प्रश्न उरले होते.

केंद्रसंचालक गव्हाणेबाई कार्यालयात उत्तरपत्रिका पाकिटात घालत होत्या. मला मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून सगळे दोनदा सांगावे लागले. त्यांना नवल वाटले नाही. सोडलेल्या प्रश्नाला गुण मिळत नाहीत आणि गुण वजाही होत नाहीत, असे त्या समजुतीने म्हणाल्या. मग त्यांनी केतकीची उत्तरपत्रिका शोधून काढली. एक ओळ कोरी होती.

"तिच्या बाकावर बसून भरा. पाकीट बंद केलं की माझ्या हातात काही नाही."

उत्तरपत्रिका घेऊन मी खोलीत शिरलो. बोट धरून ती मुलगीही आली. बाके मोजत गेलो, आणि प्रत्येक बाकानंतर खोली एका बाकाने वाढत गेली. सतराव्या बाकाशी पोहोचून मागे पाहिले, तेव्हा दार आगपेटीएवढे दिसत होते. बाकावर तिची प्रश्नपुस्तिका आणि काळे पेन होते. टोपण चावलेले. ते अजून ओले होते.

प्रश्नपुस्तिकेत सतरावा प्रश्न होता: एका रांगेत केतकी समोरून सतरावी आणि मागून आठवी आहे, तर रांगेत एकूण मुली किती?

सतरा अधिक आठ, वजा एक. चोवीस. दुसरा पर्याय.

मी उत्तरपत्रिकेवर वाकलो. चारांपैकी तीन गोल कागदाच्या रंगाचे होते. दुसऱ्यातून केतकी वर पाहत होती. तिचा चेहरा गोलात बरोबर मावला होता. फट वरच्या दातांत होती.

"दादा, बरोबर आलं का?"

"बरोबर आहे."

"मग भर ना."

गोल पूर्ण काळा केल्याशिवाय उत्तर ग्राह्य धरले जात नाही. ही सूचना पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत असते. दूरवर, आगपेटीएवढ्या दारापलीकडे, पाकिटावर मोहोर लावायची लाख वितळल्याचा वास सुटला. अठराव्या मुलीने माझे बोट सोडले आणि पेन माझ्या हातात दिले.

रेघ बाहेर जाऊ नये म्हणून कडेने सुरुवात करून आत यायचे, हेही मीच शिकवले होते. केतकीने केस कपाळावरून मागे घेतले आणि डोळे मिटले.

मी कडेने सुरुवात केली.