मोठ्या पायांची चिप

"ती चिप नको म्हटलं ना," हे म्हणाले आणि ताट पुढे सरकवलं.

"पण का नको, ते तरी सांगा ना बाबा," सून म्हणाली.

"जुनी चांगली आहे."

"जुनी नुसती माहितीची पाकिटं आत घेते आणि बाहेर टाकते. समोरच्या कॉम्प्युटरशी बोलायला सुरुवात कशी करायची, एखादं पाकीट हरवलं तर परत कसं पाठवायचं, हे सगळं मला बसून लिहावं लागेल. नवी चिप ते स्वतःचं स्वतः करते."

"म्हणूनच नको. फार शहाणी आहे ती."

आमच्या टेबलावर एकेकाळी नातेवाइकांची उणीदुणी निघायची. आता आठवडाभर इथरनेट कंट्रोलर नावाची ही चिप निघत होती. मुलगा कामानिमित्त परगावी होता, त्यामुळे सासऱ्याच्या आणि सुनेच्या या भांडणाला पंच मी एकटीच, आणि मला तर त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ऐकून ऐकून एवढंच समजलं की तळघरातल्या टाकीत पाणी किती आहे ते वर सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसायला हवं. तळघराच्या भिंती जाड, तिथे वायफाय पोहोचत नाही. जुन्या कॅमेऱ्याची एक केबल मात्र खाली गेलेली आहे. त्या केबलमधून टाकीचा निरोप वर पाठवणारी एक चिप हवी. आता कुठली, यावर घोडं अडलं होतं.

हे जन्मभर पंपांच्या कारखान्यात मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर इमारतीचा पंप त्यांनी आपणहून अंगावर घेतला. सगळी इमारत त्यांना पंपकाका म्हणते, आणि त्यांना ते आवडतं, कितीही नाही म्हणोत. पण मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवा हात कमजोर झाला आणि डॉक्टरांनी तळघराच्या जिन्याला बंदी केली. त्यावर सोसायटीचे सेक्रेटरी अगदी गोड आवाजात म्हणाले, "काका, आता आराम करा. पंपाचं काम आपण एखाद्या कंपनीला देऊन टाकू." हे तिथे हसले. घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगून आले की, पुढच्या मीटिंगपर्यंत थांबा, मी तळघरात न उतरता पंप सांभाळून दाखवतो. सून यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिते. ती म्हणाली, बाबा, आपण दोघं करू.

आणि मग हे चिपवर अडून बसले.

"नवीचा जोडून तयार बोर्डसुद्धा मिळतो," एक दिवस सून म्हणाली.

"मग मी काय करू? डब्याचे स्क्रू पिळू?"

"बरं, सुटी चिप आणते. तुम्हीच सोल्डरिंगचे डाग द्या. मग तर झालं?"

ह्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सुटी चिप आली. दुसऱ्या दिवशी दुपारी सून ऑफिसात होती आणि मी आडवी झाले होते. जळका वास आला म्हणून उठून पाहिलं, तर हे खिडकीपाशी भिंग लावून बसलेले. समोर बोर्डवर नखाएवढी चिप, तिचे पाय केसासारखे बारीक. सोल्डरिंगचं टोक तिच्यावर टेकवायला जावं आणि हात नेमका त्याच क्षणी थरथरावा. कथिलाचा एक थेंब चार पायांवर मिळून पसरला. त्यांनी तो काढायचा प्रयत्न केला, तो आणखी पसरला. मग त्यांनी बोर्ड फडक्यात गुंडाळून खणात टाकला. वळून पाहतात तर दारात मी.

"झोप झाली वाटतं," ते म्हणाले.

"चहा टाकते," मी म्हणाले.

स्वयंपाकघरात गेल्यावर मला रडू आलं. या माणसाने अंधाऱ्या खोलीत, नुसत्या बोटांनी चाचपून पंप दुरुस्त केलेले मी पाहिलेत. जुन्या चिपचं कौतुक कशाचं होतं ते आता कळलं. तिचे पाय मोठे होते आणि दोन पायांत अंतर चांगलं होतं. हलत्या हातालाही तिने सांभाळून घेतलं असतं.

सुनेला सांगावं की नाही, ते मला ठरवता येईना. सांगितलं तर ह्यांची लाज उघडी पडणार. पण संध्याकाळी तिला चिमटा हवा झाला आणि तिने तोच खण उघडला. फडकं उलगडलं. पसरलेल्या कथिलावरून बोट फिरवलं. मग होतं तसं गुंडाळून ठेवलं, खण लावला आणि चिमटा न घेताच गेली.

जेवताना भाजी वाढून घेत म्हणाली, "बाबा, जुनीच घेऊ या."

ह्यांनी संशयाने पाहिलं. "एकदम कशी काय सरळ झालीस?"

"ते पाकिटांचं सगळं मला एकदा स्वतः लिहून बघायचंच होतं. ऑफिसात कोण लिहू देतंय?"

"बघ हं. नंतर माझ्या नावाने बोटं मोडशील."

"मोडणारच आहे."

आणि तिने मोडली. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून लॅपटॉपपुढे बसून ती सासऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने कुरकुरायची, "कसली ही माठ चिप, हिला साधा नमस्कारही शिकवावा लागतो." ह्यांचा चेहरा खुलायचा. पलीकडे ते डाव्या हाताने उजवं मनगट धरून एकेक डाग द्यायचे. बोर्ड धरायला मला बसवलं होतं.

"हलवू नकोस गं," ते म्हणायचे.

मी हलवत नव्हते. तरी "बरं" म्हणायचे.

मीटिंगच्या दिवशी सून बोर्ड बसवलेला डबा घेऊन तळघरात उतरली. सेक्रेटरी वर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसले. हे मध्येच, जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे राहिले, एक हात भिंतीवर टेकून. खाली जायला पाऊल उचललं जाईल की काय, अशी मला भीती वाटत होती, म्हणून मी शेजारी उभी होते.

सेक्रेटरींचा भाचा यातलाच माणूस, तो मीटिंगसाठी आला होता. त्याने विचारलं, "काका, इतकी जुनी चिप का हो घेतलीत? नवीन कितीतरी सोप्या आहेत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसून म्हणाले, "सूनबाईचा हट्ट. म्हटलं, होऊ दे तिच्या मनासारखं."

खाली आवाज गेला असणार, कारण खुडबुड थांबली.

मग तळघरातून सुनेची हाक आली. जोडणीचं अख्खं चित्र तिने स्वतःच काढलं होतं, महिनाभर तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"बाबा," ती विचारत होती, "आधी टाकीची वायर लावू की केबल?"

ह्यांनी भिंतीवरचा हात काढला आणि सरळ उभे राहिले.

"आधी टाकीची," ते मोठ्याने म्हणाले. "आणि घाई करू नकोस. मी आहे इथे."