राखून ठेवलेलं काम

“तो धरायचा दांडा आज बसायचा होता ना?” सिस्टरबाईंनी बाथरूमच्या दारातून विचारलं.

“होता. पण टाइलला भोक पाडायचं बिट तुटलं. पुढच्या शनिवारी नक्की.”

“तुमची अवजारं माझ्या गुडघ्यांच्याच वयाची दिसतात, मिस्त्री.”

बिट कुठलं तुटतंय! पेटीच्या तळाशी जुन्या मोज्यात गुंडाळलेलं, चांगलं धडधाकट होतं. मिस्त्रींनी पेटीचं झाकण लावलं आणि ते चहाला बसले.

चर्चमधले सहा जण दर शनिवारी एकट्यादुकट्यांची घरं फुकट दुरुस्त करून द्यायचे. पाळकसाहेबांनी नियमच घालून दिला होता, आधी माणसापाशी बसा, मग हातोडी उचला. गळकं छप्पर कुणालाही दिसतं, म्हणायचे ते, आतून गळणारा माणूस बसल्याशिवाय दिसत नाही. या नियमाला मिस्त्रींनी आपल्या पदरची एक पुरवणी जोडली होती आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती. काम कधी पुरं करायचं नाही. एखादी कडी, एखादी बिजागरी राखून ठेवायची. काम उरलं की परत जायला तोंड उरतं. बायको गेल्यापासून त्यांना जाण्याजोगी दारं तरी किती राहिली होती?

सिस्टरबाई म्हणजे नाकावर माशी न बसू देणारी बाई. पस्तीस वर्षं इस्पितळात वॉर्ड सांभाळलेला, डॉक्टरसुद्धा वचकून असायचे. पहिल्या दिवशी उंबऱ्यातच म्हणाल्या होत्या, “प्रार्थना करायची तर हळू करा, माझा देव बहिरा नाही. काम करायचं तर आधी पाय पुसा.”

मिस्त्रींनी मुकाट्याने पाय पुसले होते. त्याला आठ महिने झाले. खिडक्या झाल्या, मोरी झाली, स्वयंपाकघराचा नळ दोनदा झाला. मधल्या काळात बाईंनी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या वारांप्रमाणे पुड्या बांधून दिल्या, शर्टाची बटणं लावून दिली आणि प्रत्येक टाक्याला एकेक टोमणा मारला. पोटच्या मुलांना कधी सांगितलं नाही ते मिस्त्रींनी त्यांना सांगितलं: बायको गेली तेव्हा ते उशाशीच होते, पण त्यांचा डोळा लागला होता.

“तुम्ही झोपलात म्हणून नाही गेली ती,” बाई दोरा तोडत म्हणाल्या होत्या. “जाणारा माणूस कुणाच्या जागं राहण्याने थांबत नाही. मी शेकड्यांनी पाहिलेत.”

त्या रात्री मिस्त्रींना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली होती.

बुधवारी सकाळी बाईंच्या शेजारणीचा फोन आला. सिस्टरबाई बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात बाई पांढऱ्या चादरीखाली एवढ्याशा दिसत होत्या. जिथे हुकूम सोडायच्या तिथेच हुकूम ऐकत पडायची पाळी. मिस्त्री खाटेशी उभे राहिले. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण त्यांनी सांगून टाकलं.

“बिट तुटलं नव्हतं, सिस्टरबाई. पेटीतच होतं. पुन्हा यायला निमित्त हवं म्हणून दांडा ठेवला मी.”

बाई सलाइनच्या नळीकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात त्यांची लेक आत आली. परगावाहून रात्रभर प्रवास करून आलेली, डोळे सुजलेले. मिस्त्रींना बघताच तिचा तोल गेला. “तुम्हीच ना ते? आठ महिने चहा ढोसलात आमच्या घरी, आणि एक दांडा ठोकता आला नाही?”

मिस्त्रींनी तोंड उघडलं.

“मीच नको म्हटलं त्यांना,” बाई म्हणाल्या. “ते बिचारे दर खेपेला मागे लागायचे. मला म्हातारी ठरवणारा दांडा मला घरात नको होता.”

“तुझा हा हट्टच नडला, आई! बास झालं आता. घर बंद करायचं आणि माझ्याकडे चलायचं.” लेक डोळे पुसत औषधं आणायला गेली.

मिस्त्रींना भडभडून आलं. “माझ्यासाठी खोटं बोललात तुम्ही...”

“लेक जन्मभर तुम्हाला शिव्या घालत बसली असती. मला तिच्या शिव्यांची सवय आहे.” बाईंचा आवाज पहिल्यांदाच थकला होता. “पण मिस्त्री, नुसतं यायचं होतंत हो. रिकाम्या हातांनी. मी काय हाकलून दिलं असतं?”

मिस्त्री घसरलेली चादर नीट करायला वाकले.

“आता जे मोडलंय ते तुमच्या हातचं नाही. जा तुम्ही.” आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

पुढच्या शनिवारी मंडळी एका म्हाताऱ्या शिंप्याच्या घरी गेली. मिस्त्रींनी दाराची कडी बसवली, पायरी बांधली, बाथरूमला दोन दांडे घट्ट पिळले, दिव्याचं बटण बदललं. चहाला बसले नाहीत. ऊन कलायच्या आत सगळं उरकून पेटी उचलली.

“आता पुन्हा कधी यायचं?” म्हाताऱ्याने विचारलं.

“सगळं झालं, काका.”

म्हाताऱ्याने घरभर नजर फिरवली. खिडकी ओढून बघितली, कपाटाचं दार हलवून बघितलं. मोडकं काहीच सापडेना.