क्रमांक एकशे बाराचं बदक

मी संग्रहालयात वस्तूंचे फोटो काढतो. माणसांचे नाही. माणसं हलतात, पोट आत ओढतात, आणि एवढं करून फोटो बघितला की म्हणतात, मी असा नाहीये. मडकं असं कधी म्हणत नाही.

कामाची पद्धत साधी आहे. वस्तू मधोमध. तिच्या शेजारी रंगांची पट्टी, म्हणजे लाल हा लालच आलाय हे कळावं. मोजपट्टी, म्हणजे वस्तू केवढी ते कळावं. आणि क्रमांकाची चिठ्ठी. या तिघी नसतील तर आमच्या नोंदणी खात्यात तो फोटो फोटोच नाही, नुसतं चित्र.

आता एक भानगड अशी की जुन्या नाजूक वस्तूला दिव्याखाली दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. आणि दिवे नीट लावायलाच तास जातो. मग करायचं काय? तेवढ्याच आकाराची, तशाच रंगाची कुठलीतरी वस्तू आधी मांडायची, तिच्यावर सगळे दिवे जुळवायचे आणि शेवटी अस्सल वस्तू आणून पटापट उरकायचं. या आधीच्या वस्तूला आम्ही 'बदली' म्हणतो. मी मुकुटाच्या जागी पातेलं ठेवलंय, तलवारीच्या जागी छत्री. एका सेनापतीच्या संगमरवरी डोक्यासाठी तर आमच्या वॉचमनलाच तासभर बसवला होता. त्याला झोप लागली. खरं सांगतो, सेनापतीपेक्षा तोच जास्त सेनापती दिसत होता.

तर एकशे बारा नंबरची वस्तू होती मातीचा पक्षी. वीतभर, राखाडी, अडीच हजार वर्षांचा. बदली म्हणून मी घरून बदक नेलं.

हे बदक सासूबाईंचं, आणि आम्ही राहतो त्यांच्याच घरात. सासरे गवंडी होते. हात सोन्यासारखा, पण काम कधी वेळेवर पुरं केलं असेल तर शपथ. लोकांच्या भिंती छपराची वाट बघत उभ्या असायच्या. स्वतःच्या घराची एक चौकट लावली तीही वाकडी, त्यामुळे सासूबाईंच्या खोलीचं दार आपोआप धाडकन लागायचं. सासूबाईंनी रोज टोमणे मारले तेव्हा चौकट सरळ करायची सोडून सासऱ्यांनी उरलेल्या सिमेंटचं एक बदक केलं आणि दार धरून ठेवायला लावलं. एक पंख कोरला, दुसरा राहिला. सहा वर्षांपूर्वी सासरे गेले तेव्हाही तो राहिलेलाच होता. लोकांसाठी बांधलेल्या भिंती लोकांच्या झाल्या. घरात त्यांच्या हातचं असं उरलं फक्त ते बदक. सासूबाई खोलीत शिरताना त्याला पायाने सरकवायच्या आणि म्हणायच्या, "सरका हो."

त्या महिनाभर मोठ्या लेकाकडे गेल्या होत्या. शनिवारी परत येणार होत्या. बदक तासाभरात घेऊन येतो, असं मी बायकोला सांगितलं.

"आईचं आहे ते," बायको म्हणाली. "काही झालं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

दिवे असे काही जुळले म्हणून सांगू! डावीकडून मऊ उजेड, मागून एक बारीक रेघ. त्या ओबडधोबड सिमेंटवर असलं तेज चढलं की मला स्वतःलाच गंमत वाटली. पट्ट्या मांडल्या, चिठ्ठी लावली, बदकाचा फोटो काढला. मग पक्षी आणला, दहा मिनिटांत त्याचेही काढले. आणि इथे माझ्या अंगातला किडा वळवळला. नोंदणी खात्यात शिक्कामॅडम बसतात. खरं नाव वेगळं, पण बाई शिक्क्याशिवाय पाण्याचा ग्लासही पुढे सरकवत नाहीत. अठरा वर्षांत त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही. म्हटलं, आज हसवूच. पक्ष्याऐवजी बदकाचा फोटो पाठवून दिला.

मॅडम हसल्या नाहीत. मॅडमनी शिक्का मारला.

मी धावत खाली गेलो तर मॅडम ट्रेसमोर उभ्या. ट्रेमध्ये शिपायाने खाली आणून ठेवलेल्या दोन्ही वस्तू, हातात माझा फोटो.

"हे एकशे बारा," त्या बदकाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "फोटोशी जुळतंय. हे दुसरं काय आहे?"

"मॅडम, ते दुसरंच खरं आहे! हे आमच्या घरचं बदक आहे. मी तुमची गंमत केली हो."

मॅडमनी नोंदवही उघडली आणि रकान्यांवरून बोट फिरवलं. "नाव, माप, काळ, साहित्य, स्थिती, शेरा. गमतीचा रकाना नाही."

"अहो, पण हात लावून बघा, सिमेंट आहे ते!"

"वस्तूला हात लावायची परवानगी मला नाही. फोटो तुम्हीच काढलाय ना?"

"हो."

"रंगपट्टी आहे, मोजपट्टी आहे, क्रमांक आहे. मग झालं तर. तुमचं सामान घेऊन जा, नाहीतर उद्या ते भंगारात जाईल."

तुमचं सामान म्हणजे अडीच हजार वर्षांचा पक्षी! भंगाराचं नाव ऐकून मी तो दोन स्वेटरांत गुंडाळला आणि श्वास रोखून घरी आणला. कपाटात, बायकोच्या शालींमध्ये ठेवला. दाराला पाण्याची बादली लावली.

"बदक कुठाय?" बायकोने विचारलं.

"नोकरीला लागलंय."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना गाठलं. औषधाचे नव्हेत, प्राचीन वस्तूंचे. म्हटलं, एवढा शिकलेला माणूस, एका नजरेत ओळखेल. पण डॉक्टरांनी अकरा वर्षांत एकही वस्तू प्रत्यक्ष पाहिलेली नाही. ते माझे फोटो संगणकावर चारपट मोठे करून बघतात. म्हणतात, वस्तूने माणूस भारावून जातो.

"बरं झालं आलात," डॉक्टर म्हणाले. डोळे पाणावलेले. "काय फोटो काढलाय! हा न कोरलेला पंख बघा. पंचवीस वर्षं मी हेच शोधत होतो. उडायचं नाही, हे त्या कारागिराने जाणूनबुजून ठरवलंय!"

"डॉक्टर, त्याला कंटाळा आला होता."

"अगदी बरोबर! जगाचाच कंटाळा!" डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

मी म्हटलं, डॉक्टर, ते माझ्या सासऱ्यांनी केलंय. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खऱ्या कलेपुढे उभं राहिलं की आपल्या घरचंच कुणीतरी आठवतं," म्हणाले. "हेही वापरतो मी."

बुधवारी बदक काचेच्या पेटीत गेलं. खाली पाटी: 'ध्यानस्थ पक्षी. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी. अज्ञात कारागीर.' गुरुवारी नव्या प्रदर्शनाची पोस्टरं छापून आली. त्यावर एकच फोटो. माझा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शहरातल्या प्रत्येक बसस्टॉपवर पुरुषभर उंचीचं बदक उभं होतं.

प्रत्येक म्हणजे सासूबाई जिथे उतरणार त्याही.

शनिवारी सकाळी मी छत्री घेऊन स्टॉपवर अर्धा तास आधी हजर झालो. आभाळात ढगाचा ठिपका नाही. छत्री उघडून पोस्टरला पाठ लावून उभा राहिलो. डावीकडून चोच दिसत होती म्हणून डावीकडे सरकलो, तर उजवीकडून शेपूट बाहेर. बस आली. सासूबाई उतरल्या, पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, छत्री कशाला?"

"ऊन लागतंय, आई."

"सावलीत?"

मी दात काढले.

"बाजूला व्हा."

"आई, आधी चहा घेऊया का, इथे कोपऱ्यावर फार छान..."

"बाजूला व्हा म्हणते ना!"

झालो बाजूला. सासूबाई पोस्टरकडे बघत राहिल्या. दोन बस आल्या आणि गेल्या. मी मनातल्या मनात वेगळं बिऱ्हाड शोधायला लागलो होतो. त्यांनी हात लांब करून त्या नसलेल्या पंखावर बोट ठेवलं.

"हे आमच्या ह्यांचं बदक," त्या म्हणाल्या. "दाराला काय लावलंय?"

"बादली."

"आणि हे कुठंय?"

मी सगळं सांगितलं. गंमत, शिक्का, डॉक्टर, कपाटातला पक्षी. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "घरी चला. तो पक्षी घ्या. ज्याचं त्याला देऊ आणि आपलं घेऊन येऊ. एवढं सोपं आहे ते."

नोंदणी खात्यात सासूबाईंनी स्वेटरांचं गाठोडं टेबलावर ठेवलं. "हा तुमचा. आमचा द्या."

शिक्कामॅडमनी पक्षी पाहिला. "याचा फोटो आमच्याकडे नाही. हा आमचा नाही."

"माझाही नाही."

"मग तुम्ही भेट देताय?"

"द्यायचाच आहे!"

"तसं म्हणा ना." मॅडमनी नवा अर्ज काढला. पाच मिनिटांत अडीच हजार वर्षांचा पक्षी माझ्या सासूबाईंकडून संग्रहालयाला सप्रेम भेट. क्रमांक सातशे चार. मी वर पळालो, दिवे लावले, या वेळी त्याचाच फोटो काढला आणि घेऊन खाली आलो. शिक्का बसला. माझा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा काचेच्या पेटीत होता.

"आता बदक," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी केलंय ते."

"पुरावा?"

सासूबाईंनी पर्समधून एक जुना फोटो काढला. उंबऱ्यावर सासरे बसलेत, कोपरापर्यंत सिमेंट, मांडीवर ओलं बदक. फोटो सासूबाईंनीच काढलेला, त्यामुळे बदक अख्खं आणि सासरे हनुवटीपर्यंत.

मॅडमनी चष्मा वर केला. "यात माणसाला डोकं नाही."

"डोकं असतं तर चौकट सरळ केली असती. बदक केलं असतं का?"

मॅडमनी फोटो उलटा केला. मागे सासऱ्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'बदक. एक पंख बाकी आहे.' खाली पूर्ण नाव आणि सही.

"तारीख?"

"ते तारीख कधीच कुणाला द्यायचे नाहीत."

मॅडमनी फोटो परत केला. "चालणार नाही. रंगपट्टी नाही, मोजपट्टी नाही, क्रमांक नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. महिनोन्‌महिने अर्धवट राहिलेल्या भिंतीकडे बघावं तसं बघितलं. आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. सासऱ्यांचा फोटो उचलला आणि पुन्हा वर. तो कागद मांडला मधोमध. शेजारी रंगपट्टी. मोजपट्टी. क्रमांकाची चिठ्ठी, एकशे बारा-अ. पुढून काढला, मागून काढला. खाली येऊन मॅडमसमोर ठेवला.

मॅडमनी पट्टी बघितली, दुसरी पट्टी बघितली, चिठ्ठी बघितली. "हा चालेल," म्हणाल्या. आणि मारला शिक्का.

"म्हणजे आता मी नेऊ शकते?" सासूबाईंनी विचारलं.

मॅडम बराच वेळ नियमावली चाळत राहिल्या. "करणाऱ्याचं नाव सिद्ध झालंय. त्याच्या वारसाने मागितलं तर द्यावं लागेल. सही करा आणि घेऊन जा."

इतकं सोपं झालेलं बघून मला रडूच आलं. मॅडम किल्ली घेऊन पुढे, आम्ही मागे, असे दालनात गेलो. पेटीसमोर गर्दी. एक बाप लेकीला उचलून दाखवत होता. दोन म्हाताऱ्या एकमेकींना पंखाबद्दल सांगत होत्या, चुकीचं, पण किती आपुलकीने! सगळे हळू आवाजात बोलत होते. मॅडमनी कुलपात किल्ली घातली.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी काचेजवळ जाऊन पाटी वाचली. पदराने काचेवरचा कुणाच्या तरी बोटाचा डाग पुसला.

"घरी आम्ही सगळे याला लाथेनेच सरकवायचो," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यात जास्त." मग मॅडमकडे वळल्या. "राहू दे इथेच. पण हे 'अज्ञात' पुसा. अज्ञात कसले! एकेचाळीस वर्षं संसार केलाय मी त्यांच्याबरोबर!"

मॅडमनी मान डोलावली. "नावाचा पुरावा आलाय, नाव बदलेल. काळ बदलणार नाही. काळाची नोंद पहिल्या फोटोवर झालीये. दुसऱ्या फोटोवर तारीख नाही."

"मॅडम," मी म्हटलं, "म्हणजे पाटीवर काय येणार?"

"दोन्ही फोटो नियमाप्रमाणे आहेत. दोन्ही येणार."

आणि आली. अर्ध्या तासात नवी पाटी. सासऱ्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, पुढे 'गवंडी'. खाली: 'सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी.' त्याच्याखाली, कारागिराची माहिती म्हणून: 'सहा वर्षांपूर्वी निधन.' डॉक्टरांनी ती संगणकावर चारपट मोठी करून वाचली आणि या विरोधाभासावर नवा लेख सुरू केला.

सासूबाईंनी मला पाटी मोठ्याने वाचायला लावली. एकदा वाचली. परत वाचा म्हणाल्या. मग बोटांवर काहीतरी मोजत बसल्या, आणि तोंडाला पदर लावून अशा हसल्या, अशा हसल्या, की गर्दीने वळून बघितलं. शपथेवर सांगतो, शिक्कामॅडमच्या ओठाचा डावा कोपरा हलला. तो क्षण टिपायला कॅमेरा माझ्या हातात नव्हता. म्हणजे त्याची नोंद होणार नाही.

"काय झालं, आई?"

"अहो, अडीच हजार वर्षं!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम वेळेआधी केलं."