दुसरी सुई

कंडक्टरकाकांनी बेलची दोरी ओढली आणि टिटवीचं पहिलंच वाक्य अर्ध्यात थांबलं. एक बेल म्हणजे गाडी थांबवा.

"बायोमार्कर म्हणजे काय गं?"

"औषध लागू पडतंय की नाही, याची शरीरातली खूण."

"मग तसं म्हण की!"

बैठकीच्या खोलीत हशा पिकला. मागच्या बाकावरचे दोघे शिकाऊ संशोधक जरा जास्तच हसले. गेल्या आठवड्यात त्यांची गाडी चौदा वेळा थांबली होती. टिटवी हे नाव तिला तोंडाच्या पट्ट्यामुळे पडलेलं. तीन वर्षं तिने काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी वाढवल्या होत्या, त्यांना पुरून उरेल असं औषध शोधलं होतं, आणि आता ते पहिल्यांदा माणसांना द्यायचं होतं. फाइल उद्या मंजुरीला जायची होती. पण काकांची डबल बेल, म्हणजे 'जाऊ द्या', मिळाल्याशिवाय कुणाची फाइल विभागाबाहेर पडायची नाही, हा बाईंचा नियम.

बाई म्हणजे विभागप्रमुख. काका अठरा वर्षांपूर्वीचे इथलेच रुग्ण, आता ठणठणीत. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या मंडळींनी भंगारातल्या बसची बेल दोरीसकट फळीवर ठोकून दिली होती. ती काखेत मारून ते दर बुधवारी ऐटीत यायचे आणि रुग्णाला कळणार नाही असं काही आलं की दोरी ओढायचे.

टिटवी रुग्णाच्या संमतीपत्रापर्यंत पोचली. "सहाव्या आठवड्यात गाठीत पुन्हा सुई घालून तुकडा काढू. आपल्या उपचारांच्या हितासाठी."

टण्.

"तो तुकडा बघून माझं औषध बदलणार?" काकांनी रुग्ण होऊन विचारलं.

"नाही."

"डोस?"

"नाही."

"मग माझं हित कसलं?"

ते वाक्य तिने विभागाच्या जुन्या नमुन्यावरून जसंच्या तसं उतरवलं होतं. तिने बाईंकडे पाहिलं. बाई पेनाचं टोपण उघडत होत्या, लावत होत्या.

टिटवीने कागद खाली ठेवला. "काका, ही सुई तुमच्यासाठी नाही. तुम्हाला तिचा काही उपयोग नाही, वर दुखेल. औषध आत काय करतं ते आम्हाला कळेल, मागून येणाऱ्यांना फायदा होईल. नको म्हणालात तरी तुमचं औषध चालूच राहील."

काका दोरीशी चाळा करत राहिले.

"माझ्या कागदावरही हेच वाक्य होतं," ते म्हणाले. "मी घरी ऐटीत सांगायचो, माझी फार काळजी घेतात, दोनदा तपासतात! खरं सांगितलं असतं तरी हात पुढे केला असता हो. नुसतं विचारायचं होतं."

"ते वाक्य माझं होतं, काका." बाईंचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "मीही तेव्हा शिकाऊच होते."

"ठाऊक आहे. खाली सही तुमचीच होती."

"आणि तुम्ही इतकी वर्षं..."

"म्हणून तर येतो दर बुधवारी."

मागच्या बाकावर आता कुणी हसत नव्हतं. काकांनी फळी उचलून बाईंसमोर ठेवली आणि दोरी त्यांच्या हातात दिली.

"ओढा. पोरीची गाडी खोळंबलीय."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग दोरी ओढली, एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा. टिटवीने आनंदाने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

"चला, पुढे सरका!" काका जुन्या आवाजात ओरडले.